व्हिन्सेंट डू व्हिन्यो

व्हिन्सेंट डू व्हिन्यो (जन्म: १८ मे १९०१, शिकागो; मृत्यू: ११ डिसेंबर १९७८, न्यू यॉर्क राज्य) हे अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञ होते. प्रसूतीच्या वेळी गर्भाशयाला आकुंचन पावायला लावणाऱ्या ऑक्सिटोसिन या हॉर्मोनची संरचना त्यांनी निश्चित केली आणि १९५३ साली ते प्रयोगशाळेत तयार केले. पेप्टाइड वर्गातील एखादे हॉर्मोन कृत्रिमरीत्या बनवले जाण्याची ही पहिलीच वेळ होती. जीवरासायनिक महत्त्व असलेल्या गंधकयुक्त संयुगांवरील संशोधनाबद्दल, विशेषतः या संश्लेषणाबद्दल, त्यांना १९५५ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आज प्रसूतिगृहांत कृत्रिमरीत्या प्रसववेदना सुरू करण्यासाठी जे सलाइन लावले जाते, ज्याला बोलीभाषेत कळांचे सलाइन किंवा कळांचे इंजेक्शन म्हणतात, त्यातील औषध बहुतांशी हेच कृत्रिम ऑक्सिटोसिन असते.

त्यांचे आडनाव फ्रेंच वळणाचे असून त्यातील शेवटच्या अक्षरांचा उच्चार होत नाही. त्यामुळे मराठीत ते निरनिराळ्या प्रकारे लिहिलेले आढळते.

बालपण आणि शिक्षण

डू व्हिन्यो यांचे वडील यंत्रांचे आराखडे बनवणारे संशोधक वृत्तीचे गृहस्थ होते. घरची स्थिती बेताची होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात शेतीवर मनुष्यबळाची टंचाई निर्माण झाली, तेव्हा शालेय विद्यार्थ्यांना शेतावर काम करण्याची मुभा देण्यात आली होती. व्हिन्सेंट या योजनेतून शेतावर गेले, हाताने गायींच्या धारा काढायला शिकले आणि त्यांना ते काम इतके आवडले की शेतकरीच व्हावे असे त्यांनी ठरवले होते. थोरली बहीण बिआट्रिस हिने त्यांना विद्यापीठात जाण्यासाठी राजी केले. पुढे ज्या हॉर्मोनमुळे त्यांचे नाव झाले, ते गर्भाशयाप्रमाणेच स्तनातील दूध बाहेर ढकलण्याचेही काम करते; धार काढताना गाय पान्हा सोडते ती त्याच्याच प्रभावाने.

इलिनॉय विद्यापीठात त्यांनी १९२३ साली पदवी आणि १९२४ साली पदव्युत्तर पदवी घेतली. शिकत असताना वाढप्याचे काम करून ते खर्च भागवीत. कार्ल मार्व्हल हे त्यांचे सेंद्रिय रसायनशास्त्रातील मार्गदर्शक होते. त्याच सुमारास टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला होता. विल्यम रोज यांच्या इन्सुलिनवरील व्याख्यानाने डू व्हिन्यो भारावून गेले. शरीरातील एका ग्रंथीचा अर्क मरणाच्या दारातील रुग्णाला परत आणतो, तर त्या अर्कातील द्रव्य रासायनिकदृष्ट्या नेमके आहे तरी काय, हा प्रश्न त्यांच्या मनात बसला. १९२४ सालच्या जून महिन्यात झेला झॉन फोर्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला एक मुलगा व एक मुलगी झाली. दोघेही पुढे डॉक्टर झाले.

काही काळ उद्योगात व रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी केल्यावर ते रॉचेस्टर विद्यापीठात जॉन मर्लिन यांच्याकडे दाखल झाले. १९२७ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय इन्सुलिनमधील गंधक हा होता. नंतर त्यांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉन जेकब एबल यांच्याबरोबर काम केले, आणि युरोपात ड्रेस्डेन येथे मॅक्स बर्गमन, एडिंबरो येथे जॉर्ज बार्जर व लंडन येथे चार्ल्स हॅरिंग्टन यांच्या प्रयोगशाळांत अनुभव घेतला. बर्गमन यांनी देऊ केलेली सहायकाची जागा न स्वीकारता ते मायदेशी परतले.

गंधकाचा माग

डू व्हिन्यो यांचे जवळजवळ सर्व संशोधन गंधक या एका मूलद्रव्याच्या मागावरून झालेले आहे. त्यांनी स्वतः १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाचे नावही 'अ ट्रेल ऑफ रिसर्च', म्हणजे संशोधनाची पाऊलवाट, असेच आहे. इन्सुलिनमधील गंधक सिस्टिन या ॲमिनो अम्लाच्या रूपात असते, हे दाखवण्यात त्यांचा वाटा होता. सिस्टिनमध्ये गंधकाचे दोन अणू एकमेकांना जोडलेले असतात आणि या जोडामुळे प्रथिनाच्या साखळीला पीळ किंवा कडे पडते. सोडियम धातू द्रवरूप अमोनियात विरघळवला असता हा जोड सहज तुटतो, असे त्यांना १९३० च्या सुमारास आढळले. पुढे त्यांनी हेही दाखवले की, गंधकावर संरक्षणासाठी बसवलेला बेंझिल गट याच मिश्रणाने अलगद काढता येतो. त्या वेळी ही एक साधी प्रयोगशाळेतील युक्ती होती. वीस वर्षांनी ऑक्सिटोसिन बनवताना शेवटचे कुलूप याच किल्लीने उघडले.

१९३२ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, ते वॉशिंग्टन येथील जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राचे विभागप्रमुख झाले. १९३८ साली ते न्यू यॉर्कमधील कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्याच पदावर गेले. मेथिओनीन या ॲमिनो अम्लातील मेथिल गट शरीरात एका रेणूवरून दुसऱ्या रेणूवर कसा जातो, याचा उलगडा त्यांच्या गटाने केला. १९४२ साली त्यांनी बायोटिन या जीवनसत्त्वाची संरचना निश्चित केली आणि युद्धकाळात पेनिसिलिनच्या संश्लेषणावरही काम केले. यातील कोणतेही एक काम एखाद्या शास्त्रज्ञाच्या कीर्तीला पुरेसे ठरले असते. परंतु या सर्व धावपळीत पोष ग्रंथीच्या (पिट्युइटरी) अर्काचा १९३२ साली हाती घेतलेला प्रश्न मात्र त्यांनी सोडला नव्हता.

ऑक्सिटोसिनपूर्वीची स्थिती

या संशोधनाचे मोल कळण्यासाठी त्यापूर्वी डॉक्टरांच्या हाती काय होते, ते पाहावे लागते. आपोआप कळा सुरू होण्याची वाट न पाहता प्रसूती घडवून आणण्याची गरज डॉक्टरांना फार पूर्वीपासून जाणवत होती. मातेचा कटिभाग अरुंद असेल, तर पूर्ण वाढ झालेले मूल अडकते आणि दोघांचाही जीव जातो. १७५६ च्या सुमारास लंडनमधील नामांकित प्रसूतितज्ज्ञांनी विचारविनिमय करून, अशा स्त्रियांची प्रसूती दिवस भरण्यापूर्वीच घडवून आणणे योग्य आहे, असा निर्णय घेतला होता. त्यासाठी पाणमोट फोडली जाई. उपाय परिणामकारक असला, तरी कळा केव्हा सुरू होतील याची शाश्वती नसे आणि जंतुसंसर्गाचा धोका मोठा असे.

औषधांपैकी अरगट हे सर्वांत जुने. राय या धान्याच्या कणसावर वाढणाऱ्या बुरशीपासून ते मिळते. युरोपातील सुइणी ते वापरत आणि १८०८ साली न्यू यॉर्कमधील जॉन स्टर्न्स यांच्या लेखनामुळे ते डॉक्टरांमध्येही रूढ झाले. अरगटाने गर्भाशय आकुंचन पावते खरे, पण दोन कळांमध्ये जी उसंत लागते ती त्यात मिळत नाही. सतत आवळलेल्या गर्भाशयात मुलाला होणारा रक्तपुरवठा तुटतो. मृत मुले जन्मू लागल्यावर मूल बाहेर येण्यापूर्वी हे औषध देऊ नये, असा इशारा थोड्याच वर्षांत दिला गेला.

१९०६ साली इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांना असे दिसले की, बैलाच्या पोष ग्रंथीच्या मागच्या खंडाचा अर्क दिल्यास मांजरीचे गर्भाशय जोराने आकुंचन पावते. १९०९ साली विल्यम ब्लेअर-बेल यांनी हा अर्क प्रसूतिशास्त्रात वापरल्याचे प्रसिद्ध केले आणि तो झपाट्याने पसरला. यातूनच ऑक्सिटोसिन हे नाव आले. त्याचा ग्रीक अर्थ जलद प्रसूती असा होतो.

मात्र हा अर्क खाटीकखान्यातून आणलेल्या ग्रंथींपासून बनत असे. प्रत्येक खेपेची तीव्रता वेगळी असे. त्यात गर्भाशयावर काम करणाऱ्या द्रव्याबरोबरच रक्तवाहिन्या आकुंचित करून रक्तदाब वाढवणारे दुसरे द्रव्यही असे. शिवाय तो स्नायूत एकदम टोचला जाई. एकदा टोचलेले औषध परत काढून घेता येत नाही. प्रमाण जास्त झाले की कळा अतितीव्र होत, गर्भाशय फाटे, मूल गुदमरे. प्रसूतितज्ज्ञांत या अर्काबद्दल दोन तट पडले होते ते यामुळेच. जे द्रव्य मोजता येत नाही, ते बेताने देता येत नाही. आणि जे द्रव्य शुद्ध नाही, ते मोजता येत नाही. अडचण मुळात रसायनशास्त्राची होती.

संरचनेचा शोध

अर्कातील दोन्ही गुण एकाच रेणूचे आहेत, असे मत डू व्हिन्यो यांचे पूर्वीचे सहकारी एबल यांनी हिरिरीने मांडले होते. १९२८ साली पार्क-डेव्हिस या औषध कंपनीतील ऑलिव्हर कॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्काचे दोन भाग वेगळे करून ते मत खोडून काढले. डू व्हिन्यो यांनी याच कंपनीकडून मिळालेल्या द्रव्यावर काम सुरू केले. त्यात गंधक होते, आणि तेच त्यांना पुरेसे आमंत्रण होते.

काम फार सावकाश पुढे सरकले. महायुद्धाच्या काळात तर ते जवळजवळ थांबले. युद्धानंतर रॉकफेलर संस्थेतील लायमन क्रेग यांनी विकसित केलेली प्रतिप्रवाह वितरण पद्धती हाती आली. या पद्धतीत एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांमध्ये पदार्थ शेकडो वेळा विभागला जातो आणि अगदी थोडा फरक असलेले रेणूही वेगळे होतात. अशा रीतीने मिळालेल्या शुद्ध द्रव्याच्या एका मिलिग्रॅममध्ये सुमारे ५०० एकके इतकी क्षमता होती. त्याचे विघटन केल्यावर आठ ॲमिनो अम्ले समप्रमाणात आणि त्यांच्या तिप्पट अमोनिया मिळाला. प्रचंड गुंतागुंतीचे प्रथिन सापडेल अशी कल्पना असताना, हा रेणू आश्चर्य वाटावे इतका लहान निघाला. त्याचा रेणुभार जेमतेम १,००० च्या आसपास होता.

आता ती अम्ले कोणत्या क्रमाने जोडलेली आहेत, हे शोधायचे होते. शार्लट रेसलर, स्टुअर्ट ट्रिपेट आदी सहकाऱ्यांसह डू व्हिन्यो यांनी १९५३ साली तो क्रम निश्चित केला: सिस्टीन, टायरोसीन, आयसोल्यूसीन, ग्लुटामीन, ॲस्परजीन, पुन्हा सिस्टीन, प्रोलीन, ल्यूसीन आणि टोकाला ग्लायसीनचे अमाइड. दोन सिस्टीनमधील गंधकाचे अणू एकमेकांना जोडले जाऊन वीस अणूंचे एक कडे तयार होते आणि उरलेली तीन अम्ले त्याला शेपटीसारखी लोंबतात. त्याच वर्षी व्हिएन्ना येथे हान्स टुपी यांनी स्वतंत्रपणे हाच क्रम शोधला होता. त्या काळच्या लेखनात या रेणूला आठ अम्लांचा म्हटलेले आढळते, आजच्या पुस्तकांत नऊ. यात विसंगती नाही. जोडलेल्या दोन सिस्टीनना मिळून एक मोजायचे की दोन, एवढाच फरक आहे.

संश्लेषण आणि पडताळणी

कागदावर मांडलेला क्रम बरोबर आहे याची खातरी करण्याचा निर्णायक मार्ग एकच होता: तो रेणू बांधायचा आणि त्याला नैसर्गिक हॉर्मोनचेच गुण येतात का, ते पाहायचे. रेसलर, जॉन स्वान, कार्लटन रॉबर्ट्स, पनायोटिस कत्सोयानिस आणि सॅम्युएल गॉर्डन हे या कामात त्यांचे सहकारी होते. ॲमिनो अम्ले जोडताना नको तेथे जोडणी होऊ नये म्हणून रेणूचे काही भाग झाकून ठेवावे लागतात. दोन अम्लांचा एक तुकडा आणि सात अम्लांचा दुसरा तुकडा वेगवेगळे बांधून मग ते एकत्र सांधण्यात आले. त्यानंतर द्रव अमोनियातील सोडियमने सर्व आच्छादने एका झटक्यात दूर केली गेली आणि विरल द्रावणातून हवा सोडून दोन गंधकांचा जोड जुळवण्यात आला.

तयार झालेल्या पदार्थाचे भौतिक व रासायनिक गुणधर्म नैसर्गिक द्रव्याशी ताडून पाहण्यात आले. कोंबड्याचा रक्तदाब उतरवणे, उंदराच्या गर्भाशयाचे आकुंचन घडवणे या कसोट्यांवर दोन्ही सारखेच उतरले. शेवटची कसोटी माणसाची होती आणि त्यासाठी लांब जाण्याची गरज नव्हती. महाविद्यालयाला लागूनच असलेल्या न्यू यॉर्क हॉस्पिटलच्या प्रसूती विभागात ती पार पडली. प्रसववेदना वाढवण्याच्या कामी कृत्रिम आणि नैसर्गिक द्रव्य यांत डॉक्टरांना फरक करता आला नाही. नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांच्या शिरेत सुमारे एक मायक्रोग्रॅम दिल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत पान्हा फुटत असे.

१९५३ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निवेदनाचे शीर्षक मात्र अत्यंत सावध होते. ऑक्सिटोसिन तयार केले असा दावा त्यात नसून, ऑक्सिटोसिनचे गुण असलेल्या एका पेप्टाइडचे संश्लेषण केले, एवढेच म्हटले होते. डू व्हिन्यो यांच्या स्वभावाची ओळख अशा ठिकाणी पटते. लवकरच त्यांच्या गटाने अर्कातील दुसरे द्रव्य, व्हॅसोप्रेसिन, याचीही संरचना उलगडली. त्यात आणि ऑक्सिटोसिनमध्ये केवळ दोन अम्लांचा फरक आहे. त्या दोन अम्लांमुळे एक द्रव्य मुख्यतः गर्भाशयावर व स्तनांवर काम करते आणि दुसरे मूत्रपिंडावर व रक्तवाहिन्यांवर.

प्रसूतिशास्त्रावरील परिणाम

औषध एकदम न टोचता सलाइनमधून थेंबाथेंबाने शिरेत सोडावे, ही कल्पना डू व्हिन्यो यांची नव्हे. इंग्लंडमधील जेफ्री थिओबाल्ड यांनी १९४८ साली ग्रंथीच्या अर्काचा असा वापर प्रसिद्ध केला होता. परंतु या पद्धतीला साजेसे औषध मिळाले ते कृत्रिम ऑक्सिटोसिनच्या रूपाने: प्रत्येक खेपेस सारखे, रक्तदाब वाढवणाऱ्या द्रव्यापासून मुक्त आणि हवे तितके बनवता येणारे. रक्तात त्याचा प्रभाव काही मिनिटांतच निम्मा होतो. त्यामुळे कळा अतितीव्र झाल्या किंवा बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावले, तर थेंब बंद करून परिणाम ओसरण्याची वाट पाहता येते. सुरुवातीची मात्रा मिनिटाला एक ते दोन सहस्रांश एकक इतकी अल्प असते, म्हणजे एका ग्रॅमचे काही अब्जांश भाग. बैलाच्या ग्रंथीच्या अर्काने अशा मात्रेची खात्री देणे कठीण होते.

पुढील काळात कृत्रिमरीत्या प्रसूती सुरू करण्याचे शास्त्र आणखी विस्तारले. गर्भाशयाचे मुख कितपत मऊ व तयार आहे, हे पाहून यशाचा अंदाज बांधणारी गुणांकन पद्धती एडवर्ड बिशप यांनी १९६४ साली मांडली. मुख तयार नसेल, तर केवळ ऑक्सिटोसिनने काम भागत नाही. त्यासाठी प्रोस्टाग्लँडिन वर्गातील औषधे वापरली जाऊ लागली. गर्भारपणातील वाढलेला रक्तदाब, दिवस उलटून जाणे, कळांआधीच पाणमोट फुटणे अशा प्रसंगी हे उपाय माता व बालक या दोघांचेही प्राण वाचवतात.

औषध सुलभ झाल्याने त्याचा सोयीसाठी वापरही वाढला. वैद्यकीय कारण नसताना, केवळ डॉक्टरांच्या किंवा कुटुंबाच्या सोयीच्या दिवशी प्रसूती उरकण्याची प्रथा अमेरिकेत इतकी पसरली की, १९७० च्या दशकाच्या अखेरीस तेथील औषध प्रशासनाने अशा वापराची मान्यता काढून घेतली. चुकीच्या मात्रेने गंभीर इजा होऊ शकणाऱ्या औषधांमध्ये ऑक्सिटोसिनची गणना आजही केली जाते. पूर्वी जे धोके अर्कात होते, तेच धोके निष्काळजीपणे दिलेल्या शुद्ध औषधातही आहेत; फरक इतकाच की आता ते टाळता येतात.

प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव रोखण्यासाठीही ऑक्सिटोसिन दिले जाते. बाळ जन्मल्याबरोबर १० एककांची मात्रा द्यावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भारतात या औषधावरून मोठा वाद झाला तो दुधाच्या निमित्ताने. गायी-म्हशींनी पान्हा सोडावा म्हणून गोठ्यांत त्याचा गैरवापर होत असल्याने केंद्र सरकारने २०१८ साली त्याचे देशांतर्गत उत्पादन कर्नाटकातील एका सार्वजनिक कंपनीपुरते मर्यादित केले. प्रसूतिगृहांत तुटवडा पडून मातांचे जीव धोक्यात येतील, असा आक्षेप घेतला गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द ठरवला.

अखेरची वर्षे

१९६७ साली डू व्हिन्यो न्यू यॉर्क शहर सोडून कॉर्नेल विद्यापीठाच्या इथाका येथील रसायनशास्त्र विभागात गेले. ऑक्सिटोसिनच्या रेणूतील एकेक अणुगट बदलून किंवा काढून टाकून त्याच्या कार्यात काय फरक पडतो, याचा अभ्यास त्यांनी तेथेही चालू ठेवला. १९७४ साली पक्षाघाताचा झटका आल्याने त्यांचे संशोधन थांबले. ११ डिसेंबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले.

रेणूत असे फेरफार करण्याची ही दिशा पुढे अनेकांनी चालवली. ऑक्सिटोसिन टिकण्यासाठी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते, ही खेड्यांतील दवाखान्यांची मोठी अडचण आहे. कार्बेटोसिन या त्याच्या सुधारित रूपात दोन गंधकांपैकी एकाच्या जागी कार्बनचा गट घातलेला असतो. त्याचा उष्णता सहन करणारा प्रकार भारतासह दहा देशांतील सुमारे ३०,००० स्त्रियांवर तपासण्यात आला आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी तो ऑक्सिटोसिनच्या तोडीचा असल्याचे २०१८ साली प्रसिद्ध झाले. त्याचा प्रभाव अधिक काळ टिकत असल्यामुळे कळा सुरू करण्यासाठी मात्र तो वापरता येत नाही. त्या कामासाठी डू व्हिन्यो यांनी बांधलेला मूळ रेणूच वापरात आहे.